अबोला धरणे, बोलणं टाकणे, वाळीत टाकणे: फरक नेमका कुठे?

मूळ प्रश्न (पुणे)

एका समुपदेशन केंद्रासाठी चार पानी पत्रक मराठीत लिहिते आहे. घरातल्या एकाच माणसाशी बाकीच्यांनी आठवडेच्या आठवडे बोलायचं नाही, त्याने विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. मग त्याची झोप उडते, जेवण जात नाही, आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. पत्रक याबद्दल आहे. मसुद्यात मी सगळीकडे 'अबोला' लिहिलं. केंद्रातल्या एक ताई म्हणाल्या, "अबोला फार गोड शब्द आहे गं, त्यात रुसवा ऐकू येतो." मग 'संवादाचा अभाव' लिहून पाहिलं, पण त्यात माणूसच दिसेना. पाऊस कमी पडावा तसा संवाद कमी पडलाय, असं वाटतं. काय लिहू?

प्रतिसाद (डोंबिवली)

अबोला दोघांचा असतो. "त्या दोघींत अबोला आहे" असं आपण म्हणतो. आणि तो 'धरतात', म्हणजे सोडायची सोय त्या क्रियापदातच आहे. तुमच्या पत्रकातल्या माणसाच्या हातात सोडण्यासारखं काहीच नाही, म्हणून शब्द बसत नाही.

पण अबोल्याला गोड म्हणायला माझं मन धजत नाही. आमच्या घरी आई आणि काकू यांच्यात चार वर्षं अबोला होता. स्वयंपाकघर एकच. मी दोघींच्या मधला टेलिफोन. "काकूला विचार, कुकर लावू का." काकू तीन हातांवर, सगळं ऐकू जात असे. तरी मी वळायचो आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचो. "आईला सांग, डाळ भिजायची आहे अजून." संध्याकाळी कुकर लावायची वेळ झाली की माझं पोट दुखायचं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मी शिकायला होस्टेलवर गेलो तेव्हा ते पोट दुखायचं थांबलं. अबोला दोघांचा असला तरी सोसणारा तिसराच असू शकतो, हे पत्रकात आलं तर बरं.

प्रतिसाद (नाशिक)

'बोलणं टाकलं' हा प्रयोग तुमच्या कामाचा आहे. "सासूने माझ्याशी बोलणं टाकलंय." इथे टाकणारा आणि टाकलेला दोघं स्पष्ट दिसतात. 'टाकणे'चा पसारा बघा: नवऱ्याने टाकलेली बाई, वाळीत टाकलेलं घर, टाकून बोलणे. तेच क्रियापद 'विश्वास टाकणे' आणि 'कुणासाठी शब्द टाकणे' यांतही आहे, म्हणून त्याला सरसकट वाईट म्हणू नये. पण माणूस किंवा बोलणं टाकलं जातं, तेव्हा ते एकतर्फी असतं.

मी शाळेत शिकवते, म्हणून विभक्तीबद्दल एक सांगते. आठवीतली एक मुलगी डबा न खाता परत नेत होती. "कोणी काही बोललं का तुला?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "मला कोणी काही बोललं नाही, मॅडम." मी निश्चिंत झाले, कारण 'मला बोलले' म्हणजे रागावले, टाकून बोलले. महिनाभराने कळलं की मैत्रिणींनी तिला वगळून नवा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता आणि वर्गातही तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. तिने खरंच सांगितलं होतं. प्रश्न मी चुकीचा विचारला. "तुझ्याशी कोण कोण बोलतं?" असं विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी तसंच विचारते.

प्रतिसाद (पेण)

'वाळीत टाकणे' मात्र घरगुती प्रकरणाला वापरू नका, ही विनंती. रायगडात आम्ही हा शब्द जसा ऐकलाय तसा तो सैल होऊ नये असं वाटतं. वाळीत टाकणारी गावकी किंवा जातपंचायत असते. लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही, दुकानातून सामान द्यायचं नाही, आणि जो त्या घराशी बोलेल त्याला दंड. बोलण्यालाच दंड, हे लक्षात घ्या. भाऊसुद्धा भावाच्या दारावरून मान खाली घालून जातो, कारण दंड भरायची ऐपत नसते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आला आणि 2017 पासून तो लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा शब्द गुन्ह्याचं नाव म्हणून राहू दे.

प्रतिसाद (बडोदा)

शब्दांच्या थोडं बाहेर जातो, पण संबंध आहे. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एका बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्याकडे आली, त्यांनी ती परत फेकली, मग तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं थांबवलं. अनोळखी माणसं, फुकटचा खेळ, तरी त्यांना ते फार लागलं. त्यावरून त्यांनी चेंडूफेकीचा प्रयोग बेतला. 2003 मध्ये नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि विल्यम्स यांनी तो संगणकावर, मेंदूचं स्कॅनिंग करत केला. चेंडू मिळेनासा झाला की शारीरिक वेदनेचा त्रास जाणवताना जागा होणारा मेंदूचा एक भाग इथेही जागा झालेला दिसला. तो भाग इतर बऱ्याच कामांतही भाग घेतो, त्यामुळे दोन्ही वेदना एकच, असं म्हणायची घाई नको.

पण आपली भाषा बघा. "पायाला लागलं", "मनाला लागलं", "लागट बोलला." एकच क्रियापद. आणि कोणी बोललंच नाही, तेही 'लागतं'.

मूळ प्रश्न विचारणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. 'संवादाचा अभाव' काढून टाकला. पहिलं वाक्य आता असं आहे: "घरात तुमच्याशी कोणी बोलणं टाकलं आहे का?" त्याखाली नाशिकच्या ताईंचा प्रश्न, थोडा बदलून: "आज दिवसभरात तुमच्याशी कोण कोण बोललं?" 'अबोला' फक्त मुलांच्या परिच्छेदात ठेवला आणि तिथे मधल्या मुलाचं पोट दुखणं घातलं, नाव-गाव काहीच नाही. चालेल ना डोंबिवलीकर? 'वाळीत' एकाच चौकटीत, कायद्यासह. शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416 ठळक अक्षरात, तिथे मराठीत बोलता येतं असं लिहून.

पत्रक सोमवारी छापायला जातंय. 'टाकणे'पेक्षा नेमकं क्रियापद कोणाला सुचलं तर रविवारपर्यंत सांगा.