जुनी बोल्ट ॲक्शन रायफल : दोनपैकी कोणती ठेवावी? (ग्वाल्हेर, तातडीने मदत हवी आहे)

लष्करकर
आबांच्या दोन रायफली आहेत, दोन्ही माउझर. त्यातली एकच ठेवता येणार आहे. जाणकारांनी फक्त एवढंच सांगावं की कुठल्या कंपनीची ॲक्शन (गोळी आत सारून नळी मागून बंद करणारी यंत्रणा) जास्त चांगली. एकीवर ओबर्नडॉर्फ असं गाव कोरलंय, दुसरीवर स्टायर आणि १९०८. नळ्या दोन्हींच्या स्वच्छ आहेत. सध्या दोन्ही इथल्या एका बंदूकवाल्याकडे जमा आहेत आणि तो रोज फोन करून विचारतोय. इंटरनेटवर शोधून झालंय, जो तो स्वतःच्या रायफलीचं कौतुक सांगतो. लवकर सांगा.

खटका
बोअर, म्हणजे नळीचं माप, कुठला ते लिहिलंच नाहीत. आधी ते सांगा. ३०३ असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही, तो प्रतिबंधित बोअर आहे. आणि एकच का ठेवायची?

लष्करकर
३०३ नाही. एकच, कारण माझ्या नावावर दुनाळी बारा बोअर आधीच आहे.

वकिलीण_बडोदा
इतरांसाठी खुलासा करते. पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रं ठेवता येत. २०१९च्या दुरुस्तीनंतर दोनच, आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रंही त्यातच धरतात. लष्करकर, बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं घेतलीत का? आत्या, काका, सगळ्यांची लागतील. तिथे एकाने पाय ओढला की फाइल जागची हलत नाही.

लष्करकर
ताई, ते सगळं झालंय. माझा प्रश्न ॲक्शनचा आहे.

फौजी_निवृत्त
दोन्ही देऊन टाका आणि ३१५ बोअरची देशी रायफल घ्या. तिची ॲक्शन ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली. बोल्ट छोटा फिरतो, चटकन चालतो, धूळ-चिखल सहन करतो. आम्ही इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या रायफली वर्षानुवर्षं वापरल्या, एकदाही दगा दिला नाही. चंबळच्या पट्ट्यात लोक उगाच ३१५ घेत नाहीत. गोळीही मिळते.

जुनं_पोलाद
फौजीसाहेब, त्यांना नवीन घ्यायची नाहीये, आबांची ठेवायची आहे. आणि ली-एनफिल्डचे लग, म्हणजे बोल्टला बॉडीत अडकवणारे दात, बोल्टच्या मागच्या बाजूला असतात. दाब आला की सगळा बोल्ट किंचित दबतो. लढाईला उत्तम, पण नेमबाजीच्या कारागिरीत पुढे लग असलेली ॲक्शनच वरची.

आता लष्करकर, पहिली गोष्ट. तुमची दुसरी रायफल माउझर नाही. स्टायर आणि १९०८ म्हणजे मानलिशर-शोनॉवर. १९०८ हे तिचं मॉडेल आहे, बनवल्याचं साल त्यावरून कळत नाही. ते मॉडेल ८×५६चं, म्हणजे ८ मिमी बोअर आणि ५६ मिमी लांब काडतूस. मॅगझिनमध्ये गोळ्या एकाखाली एक बसतात की गोल फिरतात ते पाहा. बोल्टची मूठ चपटी आहे का, तेही.

ओबर्नडॉर्फवालीसाठी बंदूकवाल्यासमोर रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट बाहेर काढा आणि हे बघा. बोल्टच्या तोंडाशी दोन मोठे लग असतातच. मागे, मुठीजवळ, खालच्या अंगाला तिसरा लहान लग आहे का? असेल तर ती माउझरच्या ९८च्या, म्हणजे १८९८च्या, रचनेची. ९३ किंवा ९६च्या नमुन्यात तो नसतो, आणि त्यांत गोळीवर आघात करणाऱ्या पिनची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते. ९८मध्ये मूठ वर उचलतानाच दाबली जाते, म्हणून पुढे सारताना हात मोकळा राहतो. मग बोल्टच्या पोटावरची दोन भोकं बघा. काडतुसाचं बूड फाटलं तर गॅस तिथून मॅगझिनच्या बाजूला निघतो, तोंडावर येत नाही. उजवीकडचा लांब पंजा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, बोल्टबरोबर फिरत नाही. गोळी मॅगझिनमधून सुटताच तो तिची कड धरतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. पॉल माउझरची ही रचना १८९८ साली जर्मन सैन्याने घेतली आणि त्यानंतरच्या कितीतरी शिकारी रायफली तिच्याच नकला आहेत.

मात्र ९८ म्हटलं की सगळ्या सारख्या, असं नाही. ओबर्नडॉर्फ, बर्लिनची डीडब्ल्यूएम, बेल्जियमची एफएन, चेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो, या सगळ्या कारखान्यांनी त्या केल्या. पहिल्या महायुद्धाआधीच्या ओबर्नडॉर्फच्या शिकारी ॲक्शनवर घडवणाऱ्या अवजाराची खूण शोधून सापडत नाही. १९४४-४५च्या लष्करी ॲक्शनवर कटरच्या रेघा उघड्या डोळ्यांनी दिसतात. माझ्या मते एफएन आणि ब्रनो पोलादात कमी नाहीत, पण हाताला जे जाणवतं ते जुन्या ओबर्नडॉर्फलाच.

शिवपुरीकर
पोलाद यांचं बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य अजिबात नाही. मानलिशर-शोनॉवरचा बोल्ट एकदा मागेपुढे करून बघा आणि मग बोला. ओबर्नडॉर्फ तिच्यापुढे खडखडते. आमच्या मामांकडे होती. फिरत्या मॅगझिनमध्ये पाच गोळ्या, प्रत्येक गोळी स्वतःच्या खोबणीत, टोकं चेपत नाहीत. लष्करकर, स्टायर सोडू नका. अशी कारागिरी पुन्हा होणार नाही.

जुनं_पोलाद
गुळगुळीतपणात ती वरचढ आहे हे मी नाकारलेलं नाही. पण बोल्टची मूठ बॉडीच्या मागच्या पुलाच्या (वरच्या आडव्या पट्टीच्या) फटीतून जाते, म्हणून दुर्बीण बसवणं डोकेदुखी. आणि ते फिरतं मॅगझिन ज्या गोळीसाठी घडवलं तिलाच मानवतं. ८×५६ची गोळी आज ग्वाल्हेरला कुठे मिळणार?

चंबळचा_पाहुणा
८ मिमी आहे ना? ३१५ची पण ८ मिमीच. तीच घाला की.

जुनं_पोलाद
अजिबात नको! ३१५ म्हणजे ८×५०, बुडाला बाहेर आलेली कड असलेली. ८×५६ला तशी कड नसते, नळीतली काडतुसाची जागा वेगळी, लांबी वेगळी. व्यास जुळतो म्हणून दुसरी गोळी घालणं म्हणजे डोळा किंवा हात गमावणं. संपादकांनी वरचा प्रतिसाद झाकावा ही विनंती.

मृणाल_इंदूर
विषय निघालाच आहे म्हणून. ७×५७ काडतुसालाच इंग्रज, लंडनच्या रिग्बी या बंदूक कंपनीच्या नावावरून, २७५ रिग्बी म्हणत. चंपावतची वाघीण १९०७ साली मारल्यावर जिम कॉर्बेटना भेट मिळाली ती रिग्बीची २७५, माउझर ॲक्शनवरचीच. लष्करकर, तुमची ७ मिमी असेल तर तोच वंश.

शिवपुरीकर
कॉर्बेट उत्तरार्धात वाघ वाचवायच्या बाजूने उभे राहिले, तेही लिहा. आमच्या माधव उद्यानात २०२३ला वाघ परत सोडले, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर या रायफली शिकारीला नाहीत, आणि तेच बरं.

खटका
वाघांचा वेगळा धागा काढा. लष्करकर, जमा करण्याआधी तेल लावलं होतंत का? निवडणुकीत आमची ठाण्यात जमा होती, परत आली तेव्हा बोल्टवर तांबूस डाग. पावसाळा तोंडावर आहे.

लष्करकर
आज जाऊन बघून आलो. पहिलीच्या नळीवर ७ आणि ५७ आहे. तिसरा लग आहे, पोटावर दोन भोकं आहेत, बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच. स्टायरचं मॅगझिन गोल फिरतं, मूठ चपटी. तिच्या बोल्टवरचा नंबर मात्र बॉडीशी जुळत नाही. हे कितपत वाईट?

जुनं_पोलाद
वाईटच. बोल्ट कधीतरी बदललाय. लग आणि ते बॉडीत जिथे टेकतात ती बैठक एकमेकांवर घासून जुळलेली असतात. परका बोल्ट आला की काडतुसामागे किती फट राहते ते गेजने (काडतुसाच्या जागी घालायच्या मापाच्या तुकड्याने) मोजल्याशिवाय सांगता येत नाही. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर होता कामा नये. मापल्याशिवाय ती चालवू नका. आणि पहिलीच्या बैठकीत लगने खड्डा पाडलाय का, तेही बघून घ्या. ते पोलाद मऊ, फक्त वरचा थर कडक केलेला असतो. कोणी पॉलिश करून देतो म्हणाला तर हात लावू देऊ नका.

शिवपुरीकर
नंबर जुळत नसेल तर माझा आग्रह मागे. वाईट वाटलं.

लष्करकर
पोलाद दादा, गेज आहे असा कारागीर मिळाला. त्याने पहिली तपासली. नो-गोवर बोल्ट बंद होत नाही, बैठक सपाट आहे. ओबर्नडॉर्फ ठेवतोय, उद्या अर्ज देतो. स्टायर बंदूकवाल्याकडेच राहील, परवानाधारक गिऱ्हाईक तो बघेल.

चंबळचा_पाहुणा
स्टायर केवढ्याला देणार? व्यक्तिगत निरोप करा.

संपादक
शस्त्रांची खरेदी-विक्री या संस्थळावर चालत नाही. ३१५च्या गोळीबद्दलचा प्रतिसाद झाकला आहे.

फौजी_निवृत्त
३१५च घ्यायला हवी होती.