उत्तर ध्रुवालाही अंटार्क्टिकासारखा करार हवा का?

भूगोलवाली : नववीच्या वर्गात पृथ्वीगोल फिरवताना दरवेळी खटकतं, दक्षिण ध्रुव नेमका स्टँडच्या स्क्रूखाली झाकलेला असतो. कायद्याच्या बाबतीत मात्र तोच भाग्यवान. १९५९च्या अंटार्क्टिका करारानं तिथे लष्करी तळ आणि अणुस्फोटांना बंदी घातली, सात देशांचे जमिनीवरचे दावे होते तिथे गोठवले. त्याला जोडलेल्या १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलनं खाणकामही रोखलं. उत्तरेत २००७ साली रशियानं थेट समुद्रतळावर झेंडा रोवला! असाच करार उत्तरेलाही हवा आणि बर्फ आणखी वितळायच्या आत हवा, असं माझं ठाम मत आहे.

दर्यावर्दी : ताई, दोन्हीकडे बर्फ आहे, यापलीकडे साम्य कुठे आहे? दक्षिण ध्रुवावर तुम्ही समुद्रसपाटीपासून २८०० मीटर उंचीवर उभ्या असता, खंडावर. उत्तर ध्रुवावर पायाखाली दोन-तीन मीटर बर्फ आणि त्याखाली चार किलोमीटर पाणी. समुद्राला समुद्राचाच कायदा लागणार आणि तो संयुक्त राष्ट्रांचा करार म्हणून १९८२पासून आहे. झेंडा लावून त्यात मालकी मिळत नाही. २००८मध्ये रशिया, अमेरिका, कॅनडा, नॉर्वे आणि डेन्मार्क (ग्रीनलंडमुळे) या पाचही किनारी देशांनी ग्रीनलंडमधल्या इलुलिसातला सांगून टाकलं की नवा सर्वंकष करार नको.

ओवी : तुम्हा दोघांच्याही बोलण्यात माणसं कुठे आहेत? अंटार्क्टिकात मूळचे रहिवासी नव्हतेच, म्हणून दावे गोठवणं जमलं. उत्तरेत सुमारे ४० लाख लोक राहतात. अलास्कातल्या उत्कियाग्विक गावात मूळनिवासी इनुपियात कुटुंबं गोठलेल्या जमिनीत तळघरं खणून देवमाशाचं मांस साठवत आली. आता त्या तळघरांत पाणी साचतं, मांस नासतं. १९९६मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांच्या मंडळात, आठ देशांबरोबर मूळनिवासींच्या सहा संघटना कायम बसतात. मत नाही, पण त्यांचं ऐकावं लागतं. लांबच्या देशांनी करार लिहिला, तर त्यांची ही जागा टिकेल?

भूगोलवाली : ओवी, हे मात्र पटलं. वस्तीच्या जमिनीबद्दलचा आग्रह मी सोडते. पण मधला समुद्र तर कुणाचाच नाही ना? तिथे व्यापारी मासेमारी सुरू होण्याआधीच ती १६ वर्षं रोखणारा करार २०१८मध्ये झाला, त्यात चीन-जपानही आहेत. म्हणजे ठरवलं तर जमतं. आणि नुसत्या परिषदेवर विसंबायचं कसं? लष्करी विषय तिच्या कक्षेतच नाहीत. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर सात देशांनी रशियाबरोबरचं कामच थांबवलं.

दर्यावर्दी : मासेमारीपुरतं मान्य. असे छोटे, नेमके करार करत जावेत. पण दक्षिणेकडेही सगळं आलबेल नाही. तिथे सर्वांची संमती लागते आणि पूर्व अंटार्क्टिकाजवळचं सागरी अभयारण्य रशिया-चीनच्या नकारामुळे कित्येक वर्षं अडलंय. आणखी एक सांगतो. दक्षिणेत १९८३पासून भारताला निर्णयात मत आहे, उत्तरेत, आर्क्टिक परिषदेत, २०१३पासून फक्त निरीक्षकाची खुर्ची. उत्तरेत करार व्हावा असं आपल्याला वाटतं, त्यात हाही हिशेब आहे.