रानडुकराचा माग ताजा आहे की जुना, कसं ओळखायचं?

शिकारीआधी जागा बघायला गेलो की उकरलेली जमीन ढीगभर दिसते, पण कळप काल रात्री आलेला की आठवड्यापूर्वी हेच कळत नाही. शिवाय खुरांचे ठसे हरणाचे की डुकराचे यातही गोंधळ होतो. काय बघायचं?

माळरान: ठसा आधी बघ. हरणाचा लांबट आणि पुढे टोकदार, डुकराचा गोलसर, रुंद, पुढून बोथट. मऊ मातीत मागे वरच्या दोन छोट्या नखांच्या खुणा पण उमटतात आणि त्या खुराच्या रेषेच्या बाहेर पडतात, ही खूण पक्की. ताजं म्हणशील तर उकरलेली माती हातात घे, ओलसर गडद असेल आणि उपटलेली मुळं अजून सुकली नसतील तर नुकतंच आलेत. कडा कोरड्या, ढेकळं भुरभुरीत, वर पालापाचोळा पडलेला म्हणजे जुनं. पाऊस झाला असेल तर हे सगळं गंडतं बरं का.

चिखलवाट: लोळणीची डबकी शोध!! पाणी गढूळ असेल तर डुकरं आत्ताच उठून गेलीत. जवळच्या झाडांना अंग घासतात, बुंध्यावर चिखल आणि राठ केस चिकटलेले असतात, तो चिखल किती उंचीवर आहे त्यावरून जनावर केवढं याचा अंदाज येतो.

माळरान: हो, आणि वाऱ्याची दिशा बघूनच आत शिर, त्यांचं नाक भयंकर तिखट. झोपायच्या दाट झुडपात तर घुसूच नको, कळप जागा सोडेल आणि पिल्लंवाली मादी असली तर अंगावर येईल.