जर्मनीची फाळणी भरपाईच्या कलमातच झाली होती का?

दप्तरदार
जर्मनीचे दोन तुकडे १९४९ साली झाले म्हणतात. माझ्या मते सुरी फिरली ती पॉट्सडॅमच्या परिषदेत, १९४५ च्या जुलैअखेर, विजेत्या राष्ट्रांनी जर्मनीकडून युद्धभरपाई कशी घ्यायची ते ठरवलं तेव्हा. आधीच्या याल्टा परिषदेत भरपाईचा २० अब्ज डॉलरचा आकडा होता, निम्मा रशियाचा. तोही निव्वळ चर्चेसाठी. पॉट्सडॅमला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी आकडाच उडवला. ज्याने त्याने जर्मनीतल्या आपापल्या ताब्यातल्या विभागातून वसुली करायची. वर रशियाला पश्चिमेकडच्या विभागांतल्या, शांततेच्या काळात जर्मनीला 'अनावश्यक' ठरेल अशा यंत्रसामग्रीपैकी १५ टक्के मिळणार ती धान्य, कोळसा, पोटॅश, लाकूड यांच्या बदल्यात आणि १० टक्के फुकट.

गोम इथेच आहे. टक्के कशाचे? अनावश्यक किती, ते सहा महिन्यांत ठरवायचं होतं. त्यासाठी जर्मनीच्या पोलाद उत्पादनाची वार्षिक मर्यादा ५८ लाख टन ठरायला मार्च १९४६ उजाडला आणि मे महिन्यात अमेरिकी लष्करी प्रशासनाचे जनरल क्ले यांनी अमेरिकी विभागातून होणारी भरपाईच्या यंत्रांची पाठवणीच थांबवली. त्याच करारात 'जर्मनी हा एकच आर्थिक घटक' असंही आहे! चूल एक म्हणायची आणि शिधा वेगळा मोजायचा.

कात्रणवही
सगळं टक्केवारीवर ढकलू नका. विभागांच्या रेषा लंडनला सप्टेंबर १९४४ मध्येच आखल्या होत्या. खरा खोडा जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चौघांच्या (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया) नियंत्रण मंडळातल्या एकमताच्या अटीत. चौघांपैकी एक नाही म्हणाला की विषय बारगळला. आणि आधी नाही म्हणालं कोण? फ्रान्स. पॉट्सडॅमला बोलावणंच नव्हतं, मग तिथला शब्द आम्ही का पाळायचा, हा त्यांचा पवित्रा. सगळ्या जर्मनीसाठीची मध्यवर्ती प्रशासकीय खाती १९४५ सरायच्या आत अडली.

ऑस्ट्रियातही चार विभागच होते. पण जून १९४६ च्या करारात नकाराधिकार उलटा केला: सरकारचा साधा कायदा ३१ दिवसांत चौघांनी मिळून अडवला नाही, तर तो लागू. देश अखंड राहिला.

दप्तरदार
हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ऑस्ट्रियाकडून भरपाई घ्यायची नाही, हेही पॉट्सडॅमलाच ठरलं होतं. वसुलीचं भांडण नव्हतं, म्हणून नकाराधिकार सोडायला जीव तुटला नाही.

रूळजोड
तुम्ही दोघं कागदावरच आहात, जरा यार्डात या. रशियाने आपल्या विभागातून कारखाने उचलले, दुहेरी मार्गांचा दुसरा रूळमार्गसुद्धा उखडून नेला. जर्मन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, रशियन रुळांमधलं तेव्हा १५२४. म्हणजे वाटेत सगळा माल उतरवून पुन्हा चढवायचा. यंत्र गेलं, ते चालवणारे हात मागेच. बरीच सामग्री साइडिंगवर गंजली. म्हणून १९४६ मध्ये दोनशेच्या आसपास कारखाने जागेवरच ठेवून सोव्हिएत कंपन्या केल्या आणि चालू उत्पादनातून वसुली सुरू झाली. तिथे बिनसलं. करारानुसार निर्यातीचा पैसा आधी आयातीच्या बिलाला जायला हवा. पूर्वेचा माल रशियाला आणि पश्चिमेच्या धान्याचं बिल वॉशिंग्टन-लंडनला, हे किती दिवस चालणार? १ जानेवारी १९४७ ला त्या दोघांनी आपले विभाग जोडून टाकले.

कात्रणवही
रूळजोड, चालू उत्पादनाचा मुद्दा मान्य. पण दप्तरदार, ऑस्ट्रियात वसुली नव्हती हे फक्त नावापुरतं. 'जर्मन मालमत्ता' म्हणून रशियाने पूर्वेकडचे कारखाने आणि तिथल्या झिस्टर्सडॉर्फ भागातलं तेल ताब्यात घेतलंच. १९५५ च्या करारात ते सोडवायला १५ कोटी डॉलरचा माल आणि १ कोटी टन कच्चं तेल कबूल करावं लागलं. एवढी वसुली होऊनही फाळणी झाली नाही, त्याचं काय?