९व्या मजल्यावरची पश्चिमेची बाल्कनी, कुंडीत कोणती फुलवेल लावू?

सोनचाफा_ठाणे
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला नवीन घरी आलोय, ९वा मजला, बाल्कनी पश्चिमेला, दहाएक फूट लांब, ग्रिल आहे. ऊन दुपारी दीडनंतर येतं ते थेट मावळेपर्यंत, आणि वारा तर विचारूच नका. समोरची बिल्डिंग इतकी जवळ की त्यांच्या टीव्हीवर कुठली मालिका लागलीय ते आम्हाला कळतं, म्हणून ग्रिलवर काहीतरी हिरवं चढवायचंय. आता अटी ऐका: सासूबाईंना देवाला रोज चार फुलं हवीत, मला वास हवाय, आणि घरात दीड वर्षाचा मुलगा आहे जो दिसेल ते तोंडात घालतो. नर्सरीवाला अलामांडा, मधुमालती, बोगनवेल आणि जुई चारही गळ्यात मारत होता, मी काहीच न घेता परत आले. १२ इंची तीन प्लास्टिकच्या कुंड्या रिकाम्या पडल्यात. पाऊस आता तोंडावर आलाय, काय लावू? आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना चालतं का, रोज बादलीभर निघतं, ओतून द्यायला जिवावर येतं.

ओलीमाती
अलामांडा आधी यादीतून काढा. कण्हेरीच्या कुळातली आहे, पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो अंगाला लागला की खाज आणि पोटात गेला तर उलट्या-जुलाब. फूल सुंदर आहे यात वाद नाही पण पोरगं चार-पाच वर्षांचं होईपर्यंत थांबा. बोगनवेलीचे काटे माहितीच आहेत.

गच्चीवरचा_माळी
जुई घ्या, डोळे झाकून. पाच तास कडक ऊन असताना जुई फुलली नाही तर मग कुठे फुलणार. खरी जुई, जाई यांच्यात विषारी काही नाही, त्यामुळे मुलाचीही काळजी नाही. फक्त नर्सरीत जुई म्हणून काहीही देतात तेव्हा पान बघून घ्या. जुईचं पान लांबून एकच वाटतं, जवळून बघितलं की देठापाशी दोन बाजूंना दोन इवलीशी पानं कानासारखी चिकटलेली दिसतात, कधी कधी ती गळून गेलेली असतात म्हणून दोन-चार पानं तपासा. जाईचं पान वेगळं, एका दांडीवर सात-नऊ छोट्या पानांची रांग असते, आणि कळी बाहेरून गुलाबीसर.

कुंडी मात्र १२ इंची चालणार नाही. १६ इंची घ्या, खोलीही तेवढीच. जुई पहिल्या वर्षी लहान कुंडीत बरी दिसते, मग मुळं गोल गोल फिरून कुंडी भरून टाकतात आणि मे महिन्यात सकाळी घातलेलं पाणी दुपारी संपतं, पश्चिमेच्या उन्हात तर नक्कीच. वजनाचा विचार करा, १६ इंची कुंडी भिजल्यावर चाळीस किलोच्या वर सहज भरते, ती ग्रिलच्या बाहेर आलेल्या भागावर ठेवू नका, आत लादीवर ठेवा आणि वेल फक्त बाहेर सोडा.

पेंडवाली_काकू
मधुमालतीला कोणीच विचारलं नाही?? संध्याकाळी जो वास सुटतो त्याच्यापुढे जुई काय. पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, एकाच घोसात तिन्ही रंग. माझी मुलुंडला गच्चीवर ड्रममध्ये आहे.

गच्चीवरचा_माळी
काकू, ड्रम म्हणजे जमीनच झाली की. तुमची गच्ची आहे, यांची दहा फुटांची बाल्कनी. साधी मधुमालती एका पावसाळ्यात वरच्या मजल्यावर पोचते, मग वरच्यांची तक्रार, सोसायटीची नोटीस, सगळं आलं. शिवाय बुडातून नवीन फुटवे येत राहतात. हौस असेल तर ड्वार्फ मधुमालती मिळते, ती झुडपासारखी राहते, कुंडीत चांगली फुलते, पण मग ग्रिल झाकायचं काम ती करणार नाही.

पेंडवाली_काकू
छाटली की राहते आटोक्यात. फुलं नवीन फुटीवरच येतात त्यामुळे छाटायला भ्यायचं कारण नाही. पण ठीक आहे, वरच्यांचा मुद्दा मान्य, आमच्या वर आकाशच आहे.

ओलीमाती
देवाच्या फुलांसाठी गोकर्ण लावा ना. तुमच्या १२ इंची कुंड्या त्यालाच पुरतील, एका कुंडीत दोन रोपं. बी रात्रभर पाण्यात भिजवायचं, अर्धा इंच खोल टोचायचं, पहिला पाऊस झाला की लगेच. साधारण दोन महिन्यांत फुलं सुरू होतात, म्हणजे गणपतीच्या आसपास सासूबाई खूश. निळी आणि पांढरी दोन्ही लावा. शेंगवर्गातली आहे, हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींमधून स्वतःच घेते, तेव्हा खताचा मारा करू नका, नाहीतर पानंच पानं येतील.

एक काळजी घ्या, शेंगा धरू देऊ नका. एक तर शेंगा लागल्या की फुलं कमी होतात, आणि दुसरं म्हणजे बिया पोटात गेल्या तर जुलाब होतात, तुमच्या पिल्लाच्या हाताला लागायला नकोत. हिरव्या असतानाच खुडून टाकायच्या, बियाण्यापुरत्या दोन वर उंचावर ठेवायच्या.

नागपुरी_ऊन
आमच्याकडे मे मध्ये ४५ च्या वर जातं त्यामुळे मी बोलायला लायक आहे 😄 उन्हापेक्षा तुमचा खरा शत्रू वारा आहे. ९व्या मजल्यावर वाऱ्याने पानातलं पाणी ओढलं जातं आणि माती ओली असूनही पानांच्या कडा करपतात, लोक समजतात पाणी कमी पडलं आणि अजून ओततात, मग मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. मातीवर वाळलेली पानं किंवा नारळाच्या शेंड्या पसरून ठेवा.

आरओचं पाणी अजिबात रोज घालू नका. मशीनने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, कुंडीत ते साठत जातात, मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसायला लागते. जमिनीत पावसाने धुऊन जातं, कुंडीत कुठे जाणार. लादी पुसायला, संडासात ओतायला वापरा.

सोनचाफा_ठाणे
बापरे किती माहिती! आरओचं पाणी आजपासून बंद. मातीचं काय? नर्सरीवाला म्हणतो अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, कुंडी हलकी राहील.

गच्चीवरचा_माळी
अर्धं कोकोपीट ठाण्याच्या पावसात? नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते स्पंजसारखं पाणी धरून बसतं. तुमच्या बाल्कनीत पश्चिमेचा झोडपणारा पाऊस थेट आत येणार. मी असं करतो: निम्मी लाल माती, पाव भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, उरलेल्या पाव भागात थोडं कोकोपीट आणि जाडसर रेती, वर दोन मुठी निंबोळी पेंड. तळाला भोकं पाच-सहा तरी हवीत, एकाच भोकाची कुंडी मिळाली तर सळई तापवून अजून पाडा. खाली ताटली ठेवलीत तर पावसाळ्यात ती काढून टाका, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि पालिकेची माणसं तपासायला आली की बोलणी खावी लागतात. ताटली नसेल तर खालच्या मजल्यावर पाणी ठिबकतं, म्हणून कुंडी विटांवर आणि बाल्कनीच्या पाण्याच्या नळीकडे उतार.

पेंडवाली_काकू
खतासाठी शेंगदाण्याची पेंड, मूठभर, दोन लिटर पाण्यात तीन दिवस भिजवायची, मग दहापट पातळ करून पंधरा दिवसांनी एकदा. वास येतो हं, भयंकर येतो, पाहुणे येणार असतील त्या दिवशी करू नका. ऐन पावसात देऊ नका, वाहून जाते.

मुठेकाठी
पुण्याहून. छाटणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय, जुईला फुलं का येत नाहीत यातल्या निम्म्या तक्रारी इथेच असतात. तमिळनाडूत जिथे शेतात जुई-मोगरा लावतात तिथे वेळापत्रक ठरलेलं असतं: मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर, जुई जानेवारीअखेर, जमिनीपासून दीडेक फूट ठेवून बाकी सगळं कापतात. आपण एवढं कठोर नाही झालो तरी निदान वाळक्या काड्या आणि एकमेकांत गुंतलेला जुना पसारा जानेवारीत काढायचाच. नवीन फुटीला फुलं येतात. पहिल्या वर्षी मात्र हात लावू नका, झाडाला बसू द्या.

आणि फांद्या सरळ वर सोडू नका. शेंडा वर जात राहिला की तो खालचे डोळे दाबून ठेवतो, सगळी फुलं टोकाला आणि खाली नुसत्या काड्या. ग्रिलवर आडव्या बांधल्या की प्रत्येक पेरातून फूट येते, तेवढी फुलं वाढतात, आणि तुम्हाला पडदा हवाय त्याला हेच सोयीचं.

सोनचाफा_ठाणे
हे आडवं बांधायचं कधी ऐकलंच नव्हतं. कृष्णकमळ कसं वाटतं? आईकडे सांगलीला अंगणात होतं, कौरव-पांडव मोजत बसायचो आम्ही.

ओलीमाती
पडद्यासाठी एकदम बेस्ट, भराभर वाढतं. फूल एकच दिवस टिकतं पण हंगामात रोज नवीन येतात. फक्त अळ्या बघत राहा. केशरी रंगाचं एक छोटं फुलपाखरू संथपणे घिरट्या घालताना दिसलं की समजायचं, पानामागे अंडी आली. काटेरी तपकिरी अळ्या झुंडीने बसतात आणि दोन-तीन दिवसांत वेलीचा खराटा करतात. वेल मुरलेली असेल तर परत फुटते, म्हणून मी काही मारत नाही, पण छोटं रोप असेल तर पान खुडून खाली झाडीत नेऊन सोडा.

जर्सीकर
न्यू जर्सीहून. आमच्याकडे जुई मिळत नाही, मे मध्ये गार्डन सेंटरला मांडेविला मिळते, लाल-गुलाबी भोंग्यासारखी फुलं. इथले लोक थंडी पडली की फेकून देतात, मी रात्रीचं तापमान १० डिग्रीच्या खाली जायच्या आत एक फूट ठेवून छाटते आणि खिडकीत आणते, पाणी अगदी कमी. मार्चमध्ये पुन्हा फुटते. वास नाही हो पण. तुमची जुई फुलली की फोटो टाका, आम्ही फोटोवरच भागवतो.

नागपुरी_ऊन
पावसाळा संपला की पिठ्या ढेकूण येतीलच, कापसासारखे पुंजके. आधी मुंग्या बघा, मुंग्या रांगेने वेलीवर चढायला लागल्या म्हणजे वर कुठेतरी ढेकूण किंवा मावा आहे, त्यांचा गोड चिकट स्राव खायला त्या जातात आणि वर त्यांची राखणही करतात. एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, नीट हलवून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. दुपारच्या उन्हात फवारलंत तर पानं भाजतील.

सोनचाफा_ठाणे
ठरलं तर मग. जुईला १६ इंची नवीन कुंडी, दोन १२ इंचीत निळी-पांढरी गोकर्ण, आणि कृष्णकमळ पावसाळा संपल्यावर, तेही मोठी कुंडी घेऊनच. मधुमालती काकूंच्या घरी येऊन बघेन 😊 शेवटचा प्रश्न, ग्रिलच्या सळया जाड आहेत आणि अंतर बरंच आहे, वेल धरेल का? नवरा म्हणतो तार ओढू.

मुठेकाठी
प्रत्येक वेलीची तऱ्हा वेगळी. गोकर्ण स्वतः गुंडाळत चढते, जुईला बांधून आधार द्यावा लागतो, कृष्णकमळाला स्प्रिंगसारखे तंतू असतात आणि ते जाड सळईला विळखा घालू शकत नाहीत, बारीक काहीतरी लागतंच. लोखंडी तार नको, गंज ग्रिलला लागतो. नायलॉनची वेलींची जाळी मिळते ती ग्रिलला आतून केबल टायने बांधा, रंगकामाच्या वेळी टाय कापले की वेलीसकट खाली घेता येते. जुईच्या फांद्या जाळीला सुतळीने बांधताना मध्ये एक पीळ देऊन सैल गाठ मारा, फांदी जाड होते तेव्हा घट्ट गाठ तिला कापते. आणि जाळी ४-५ इंची चौकोनांची घ्या, बारीक चौकोनांची घेतलीत तर जानेवारीत छाटलेल्या काड्या त्यातून ओढून काढताना अख्खा रविवार जाईल.