मोदिग्लिआनी की मोदिल्यानी?

प्रश्न: मी वाणिज्य शाखेला आर्थिक व्यवस्थापन शिकवते, मराठी माध्यमाच्या मुलांना. 'मोदिग्लिआनी-मिलर सिद्धान्त' मी स्वतः असाच शिकले आणि फळ्यावरही असाच लिहिते. परवा एका इटालियन बाईंच्या बोलण्यात 'मोदिल्यानी' आलं आणि त्या कुणाबद्दल बोलतायत तेच मला आधी कळेना. मधला 'ग' गेला कुठे? आणि मी फळ्यावर काय लिहू?

उत्तर: ताई, तो 'ग' कुठे गेला नाही, तो मुळात नव्हताच. इटालियनमध्ये जी, एल आणि आय ही तीन अक्षरं पुढच्या स्वराशी मिळून एकच आवाज दाखवतात, साधारण आपल्या 'कल्याण'मधल्या 'ल्य'सारखा. जी-एन असेल तर 'कन्या'मधला 'न्य'. लझान्या या इटालियन पदार्थाच्या नावात 'ग' ऐकू येत नाही तो याचमुळे. इंग्रजी वाचणारा मात्र 'जी' दिसला की तो म्हणतोच, आणि आपण पुस्तकं इंग्रजीतून घेतल्यामुळे 'मोदिग्लिआनी' आपल्याकडे आलं.

हा सगळा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

इटालियन लेखन अतिशय शिस्तीचं आहे, पण ती शिस्त बऱ्याच ठिकाणी इंग्रजीच्या नेमकी उलट पडते. 'सी'पुढे ई किंवा आय आला की 'च'. मध्ये 'एच' घातला की 'क'. इंग्रजी डोळ्याला सी-एच म्हणजे 'च'. म्हणून राल्फ माचिओ या अमेरिकन नटाचं आडनाव इटलीत 'माक्क्यो' होतं. मंगळावरच्या रेषा १८७७ साली टिपणारे खगोलशास्त्रज्ञ स्क्यापारेल्ली हे इंग्रजीत बरेचदा 'शापरेली' होतात.

दुसरी गंमत 'आय'ची. कित्येकदा तो उच्चारायचा नसतोच, आधीच्या 'जी'ला 'ज' करायला तो तिथे ठेवलेला असतो. 'माज्जो' म्हणजे इटालियन मे महिना. अमेरिकन बेसबॉलपटू 'जो डिमाजिओ' हा सिसिलीहून आलेल्या कोळ्याचा मुलगा, जन्म १९१४, कॅलिफोर्निया. त्याचं आडनाव मुळात 'दी माज्जो'. अमेरिकेत त्या मुक्या 'आय'ला वाचा फुटली आणि एक अक्षर वाढलं. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या रोबेर्तो बाज्जोला आपणही 'बॅजिओ' म्हणत होतो, त्यामागे हेच कारण.

आता शेवटचा 'ए'. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याच्याबद्दल. इटालियनमध्ये तो स्पष्ट म्हणतात. लिहिताना तो 'ई' या अक्षराने लिहितात, आणि इंग्रजीत शब्दाच्या शेवटी आलेलं ते अक्षर बहुधा मुकं असतं. त्यामुळे या आडनावांच्या दोन वाटा झाल्या. काहींचा शेवट गळला: कुप्रसिद्ध गुंड अल कपोनच्या 'कापोने'चा 'कपोन' झाला, नट सिल्व्हेस्टर स्टलोनच्या 'स्ताल्लोने'चा 'स्टलोन'. (इटालियनमध्ये 'स्ताल्लोने' म्हणजे वळू घोडा.) काहींच्या शेवटी 'ई' असा उच्चार आला: चित्रपट दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी आपलं आडनाव असंच म्हणतात, इटलीत त्याच्या शेवटी 'ए' असतो.

पण 'कपोन'चा सगळा दोष इंग्रजीवर टाकू नये असं माझं ठाम मत आहे. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यातले बहुसंख्य दक्षिणेचे, सिसिली, कालाब्रिया, नेपल्सच्या आसपासचे. नेपल्सकडच्या बोलीत शब्दाचा शेवटचा स्वर आधीच इतका पुसट असतो की परक्या कानाला तो लागतच नाही. न्यू जर्सीतली इटालियन वंशाची माणसं आजही रिकोत्ता चीजला 'रिगोट' म्हणतात, आणि ते त्यांनी आजीकडून घेतलेलं असतं, इंग्रजीकडून नाही. कपोनचे आईवडील त्याच नेपल्सच्या बाजूचे. त्यांच्या घरातही तो 'ए' खणखणीत वाजत असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक समज खोडायलाच हवा. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे स्थलांतरितांची तपासणी होई, तिथल्या कारकुनांनी लोकांची नावं बदलली, ही कथा फार आवडीने सांगितली जाते. ते कारकून जहाजाच्या यादीवरून नावं पडताळत, आणि ती यादी निघतानाच्या बंदरावर तयार झालेली असे. नावं बदलली ती पुढे: शाळेच्या हजेरीत, कारखान्यात, नागरिकत्वाचे कागद करताना, आणि पुष्कळदा घरच्यांच्याच मर्जीने. लिपी तीच असल्यामुळे स्पेलिंग बहुतेकदा जसंच्या तसं राहिलं आणि उच्चार वाचणाऱ्याच्या हाती गेला.

स्टीव्ह बुसेमी हा नट आपलं आडनाव 'बुसेमी' म्हणतो. सिसिलीत त्याच स्पेलिंगचं गाव आहे, त्याचा उच्चार 'बुशेमी'. मग बरोबर कोण? दोघंही. गाव लिहिताना 'बुशेमी' लिहावं, माणूस लिहिताना 'बुसेमी'. इंग्रजीला हा निर्णय घ्यावाच लागत नाही, तिथे अक्षरं एकच. देवनागरीत मात्र आवाज लिहावा लागतो, म्हणून आपल्याला आधी विचारावं लागतं: हा माणूस स्वतःला काय म्हणवतो?

तुमच्या फळ्यापुरतं सांगायचं तर अर्थशास्त्रज्ञ फ्रांको मोदिल्यानी १९१८ साली रोममध्ये जन्मले, तिथेच वाढले, आणि फॅसिस्ट राजवटीतल्या ज्यूविरोधी कायद्यांनंतर १९३९ साली अमेरिकेला पोचले. ते इटालियन म्हणूनच मोठे झाले, तेव्हा 'मोदिल्यानी' लिहा. पहिल्या तासाला शेजारी पाठ्यपुस्तकातलं 'मोदिग्लिआनी'ही एकदा लिहा, म्हणजे परीक्षेत मुलं गोंधळणार नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मींचं 'फर्मी' मात्र मराठीत इतकं रुळलंय की ते मी बदलायला जाणार नाही. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला कपोन कपोनच राहू दे.

उपप्रश्न: दादा, हे वाचून राहवलं नाही. आम्ही न्यू जर्सीत राहतो, आडनाव काळे. इंग्रजीत लिहिलं की ते नेमकं 'केल' या पालेभाजीचं स्पेलिंग होतं. शाळेत मुलाला पहिली दोन वर्षं 'केल' म्हणत. आता तो स्वतःच सगळ्यांना 'काली' सांगतो. दाते, साने, मोरे या ओळखीच्यांचंही असंच. मी मुलाला दुरुस्त करू का?

उत्तर: वहिनी, तुमच्या घरी तेच चाललंय जे शंभर वर्षांपूर्वी तिथल्या इटालियन घरांत चाललं होतं. 'केल' म्हणजे गळलेला 'ए', 'काली' म्हणजे 'ई' झालेला 'ए'. दोन्ही वाटा एकाच मुलाने दोन-चार वर्षांत पाहिल्या. त्याला रागावू नका, त्याने मार्ग काढलाय. पण घरात 'काळे' ऐकू येत राहू दे, आणि शाळेतल्या बाईंना एकदा सांगून बघा. 'ळ' त्यांना जमणार नाही. 'ए' जमेल. रोज सकाळी कॉफीच्या दुकानात त्या 'लाते' मागतात, आणि तिथे शेवटचा 'ए' अगदी व्यवस्थित म्हणतात. तो शब्द त्यांनी आधी कानाने घेतला, कागदावरून नाही. 'काळे'ही तसंच, लिहून देण्याआधी म्हणून दाखवा.