जिन्याखालचं सागवानी दार कोणी नेलं?

ए ३०१ सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. सी विंगच्या जिन्याखाली ठेवलेलं जुनं सागवानी दार चौकटीसकट जागेवर नाहीये. वॉचमन म्हणतो मुलांनी टेम्पोत घालून नेलं. सी १०४ च्या आजींचं दार आहे ते, कोणी भंगारात दिलं असेल तर लगेच सांगा.

बी ७०२: काका सॉरी सॉरी, ग्रुपवर टाकायचं राहूनच गेलं. आजींना विचारून नेलंय, शाळेत आहे. अकरावीच्या मुलांचं नाटक चालू आहे ना, नॉर्वेच्या इब्सेनचं ‘अ डॉल्स हाऊस’, त्याच्यासाठी. शेवटी नोरा घर सोडून जाते, स्टेजवर नवरा एकटा उरतो आणि खालून दार आपटल्याचा आवाज येतो, की पडदा. म्हणजे शेवटचं वाक्य माणूस बोलतच नाही, दार बोलतं. मुलांनी आधी प्लायचं दार केलं होतं, ते आपटलं की खोक्याचं झाकण पडल्यासारखं फट् व्हायचं आणि अख्खा सेट हलायचा.

डी २०३: साऊंडला मी होतो मदतीला. रेकॉर्ड केलेला आवाज पण लावून बघितला, पण स्पीकरमधून आला की लगेच कळतं खोटा आहे. मग स्टेजच्या विंगेत मागे आजींची चौकट बांबूला बांधून उभी केली, खाली वाळूची पोती टाकली आणि एक मुलगा फक्त तेवढ्याच कामाला. पूर्ण नाटकभर अंधारात बसायचं आणि एकदा दार ओढायचं. काल तो आवाज झाला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई खुर्चीतून उडाल्या, आणि नंतर टाळ्या लगेच नाही आल्या, थोडा वेळ कोणी काही केलंच नाही.

ए ३०१ सेक्रेटरी: ठीक आहे, मग हरकत नाही. गेट पास करून न्यायला हवं होतं. नाटक मी पण बघितलं काल, त्यावर नंतर लिहितो, आत्ता टँकरवाल्याचा फोन चालू आहे.

ए ६०४: मुलांची मेहनत दिसली, तीन महिने खपलीयेत, त्याबद्दल खरंच कौतुक. पण मला एक बोलायचंय आणि राग मानू नका. तीन लहान मुलांना ठेवून आई निघून जाते हे नाटक शाळेनं निवडलं, आणि समोर सहावी-सातवीची मुलं बसवली. माझी मुलगी घरी येऊन हिला विचारते, ‘आई, तू पण अशी जाऊ शकतेस का?’ दोघंही गप्प झालो आम्ही. आम्ही काही पालकांनी शाळेला आधी लिहिलं पण होतं की शेवट जरा बदला, दोन ओळींचं उत्तर आलं आणि विषय संपला.

बी ७०२: दादा राग कशाला, तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी खरा आहे. आणि आधी लहान मुलांशी बोलून घ्यायला हवं होतं शाळेनं, हे मलाही वाटतं. पण शेवट बदलायचं म्हणालात म्हणून सांगते, हे तुम्ही पहिले नाही. नाटक आलं १८७९ ला, कोपनहेगनच्या रॉयल थिएटरला २१ डिसेंबरला पहिला प्रयोग, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत जी नटी नोरा करणार होती तिनं सांगितलं की मी माझ्या मुलांना सोडून जाणार नाही, असला शेवट मी करणार नाही. तेव्हा आजच्यासारखा कॉपीराईट नव्हता, दुसरा कोणीतरी मोडतोड करणारच, म्हणून इब्सेननं स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत नेतो आणि ती तिथेच खाली बसते, जात नाही. लिहून दिला खरा, पण स्वतःच त्याला रानटी अत्याचार म्हणाला. तुमचं पत्र आल्यावर नाटकाच्या सरांनी मुलांना हे सगळं सांगितलं आणि दोन्ही शेवट करून बघायला लावले.

बी ५०१: काका मी बी ५०१ ची मुलगी, आईच्या फोनवरून लिहितेय, नोरा मी करते. तो दुसरा शेवट आम्ही एक अख्खा दिवस केला. मी खाली कोसळले, लाईट गेले, पण उठल्यावर मला कळेना की आता उद्या सकाळी ही काय करेल. कारण त्याच्या आधी किती वेळ ती टेबलापाशी बसून नवऱ्याशी, हेल्मरशी बोलत असते, लग्नाला आठ वर्षं झाली आणि आपण दोघं गंभीरपणे आज पहिल्यांदा बोलतोय असं ती त्याला सांगते, आणि हे सगळं बोलून झाल्यावर पडायचं कसं? आणि काका ती मुलांवर प्रेम नाही म्हणून जात नाही, तिला वाटतं मीच अजून कोणाची तरी बाहुली आहे, मी ह्यांना काय वाढवणार. ज्या बाईवरून इब्सेनला हे सुचलं ती खरी होती, लॉरा कीलर, त्यांच्या ओळखीची लेखिका. नवऱ्याला क्षय होता म्हणून तिनं गुपचूप कर्ज काढून त्याला इटलीला नेलं आणि मग फेडता येईना म्हणून खोटा कागद केला. नवऱ्याला कळल्यावर त्यानं मुलं काढून घेतली आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. तिला तर दार पण उघडून जाता आलं नाही.

बी ५०१: आणि काका तुमच्या मुलीला सांगा, मी शनिवारी प्रयोगाच्या आधी तिला मेकअप रूममध्ये घेऊन जाईन, तिला बत्तासे पण देईन. नोरा चोरून मॅकरून खाते ना सारखी, खऱ्या बिस्किटानं तोंड भरायचं आणि डायलॉग अडकायचा, म्हणून आम्ही बत्तासे ठेवलेत, लगेच विरघळतात.

सी ४०१: टँकर आला का? सी विंगला पाणी नाही.

ए ३०१ सेक्रेटरी: आला, सोडतोय, १५ मिनिटं.

ए ३०१ सेक्रेटरी: आता लिहितो. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे माझं लक्ष नोरानं आजारी नवऱ्यासाठी गुपचूप काढलेल्या कर्जाच्या कागदावर. कर्ज १२०० स्पेसीडालर (नॉर्वेचं जुनं चलन), म्हणजे ४८०० क्रोन. जामीन म्हणून वडिलांची सही लागणार, वडील मरणाला टेकलेले, नवरा पण आजारी, कोणाला विचारणार? हिनंच वडिलांची सही ठोकली. कर्ज देणारा क्रोगस्टाड कसा पकडतो बघा, आवाज न चढवता विचारतो, तुमचे वडील वारले २९ सप्टेंबरला, मग सहीखाली तारीख २ ऑक्टोबर कशी? तो क्रोगस्टाड करणारा मुलगा कागद दोन बोटांत धरून असा उभा होता की मला आमच्या इन्स्पेक्शनचे दिवस आठवले. कायद्यानं ती फोर्जरीच आहे, मी पास केली नसती. पण तिथे बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढताच येत नव्हतं, हे तिची मैत्रीणच तिला पहिल्या अंकात सांगते. नॉर्वेत लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या मालमत्तेचा हक्क देणारा कायदा आला १८८८ मध्ये, नाटकानंतर ९ वर्षांनी. आणि ही बाई कपड्याच्या पैशातून वाचवून, रात्री खोलीचं दार लावून नक्कल करायची कामं करून हप्ते फेडत होती. मी स्वतः काउंटरवर किती बायकांना ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून परत पाठवलं असेल, तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. काल घरी आल्यावर हिला हे सांगितलं.

बी ७०२: काका 🙏

बी ७०२: माझा मुलगा हेल्मर करतो हे बऱ्याच जणांना माहितीये, काल पार्किंगमध्ये एक-दोघं त्याला म्हणाले काय रे खडूस नवरा. मी त्याच्याबरोबर घरी पाठांतर घेत होते, नोराची वाक्यं मी म्हणायचे, स्वयंपाक करता करता. तो म्हणाला आई ह्याला वाईट केलं की नाटक पडतं, तो तिला खार म्हणतो चंडोल म्हणतो ते लाडानंच म्हणतो, त्याला खरंच वाटतं की हेच प्रेम. नोराला पण तीन अंक वाटत असतं की खोट्या सहीचं कळल्यावर हा सगळं स्वतःच्या अंगावर घेईल, आणि तो क्रोगस्टाडचं पत्र वाचल्यावर काय बोलतो तर माझं सुख, माझं भवितव्य तू धुळीला मिळवलंस. मग दुसरं पत्र येतं, कागद परत मिळतो, आणि हा ओरडतो ‘मी वाचलो!’ माझ्या मुलानं ते इतकं आनंदानं म्हटलं काल की मला त्याची भीती वाटली. नोरा विचारते, आणि मी? एवढंच. आता घरात मी काही सांगितलं आणि तो हो हो म्हणून गेला की स्वतःच परत येतो, म्हणतो सांग परत, ऐकलं नव्हतं.

सी १०४ आजी: नमस्कार, नातू टाईप करतोय मी सांगतेय. मला इंग्रजी सगळं कळलं नाही पण नाटक ओळखीचं होतं. माझ्या वडिलांच्या कपाटात अनंत काणेकरांचं ‘घरकुल’ होतं, १९४१ चं, ह्याच नाटकावरून केलेलं, मी मॅट्रिकच्या वर्षी गच्चीत बसून वाचलं होतं. तेव्हा मला ती बाई पटली नव्हती, माझं लग्न व्हायचं होतं, मला घर हवं होतं. काल मी ६०४ म्हणतात तेच बघत होते, मुलांचं काय. तर त्या नाटकात एक दाई आहे, ॲन मारी, निळी ओढणी बांधलेली मुलगी होती ना, तिला मोजून काही वाक्यं आहेत. तिनं स्वतःची मुलगी परक्यांकडे ठेवली आणि नोराला वाढवायला आली, आता नोराची मुलं वाढवतेय. नोरा तिला विचारते, तुला कसं जमलं ग? ती म्हणते गरिबाला मिळेल ते काम घ्यावं लागतं, आणि मुलीची दोन पत्रं आली होती. तीपण आईच ना? ती गेली त्याबद्दल नाटकात कोणी तिला बोल लावत नाही आणि काल आपल्यापैकी पण कोणी लावला नाही. आमच्याकडे हिच्या बाळाला सांभाळायला येते तिची पोरगी गावाला आजीकडे आहे, लातूरकडे. मी काल घरी येऊन तिला पहिल्यांदा मुलीचं नाव विचारलं. दोन वर्षं येतेय ती.

ए ६०४: आजी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ए ६०४: माझं लहान मुलांबद्दलचं म्हणणं अजूनही तेच आहे, न सांगता बसवायला नको होतं. पण शनिवारी मी परत येतो, मुलीला घेऊन. बेटा तू तिला मेकअप रूम दाखव, ती कालपासून नाचाबद्दल पण विचारतेय, तो डफ वाजवत वेड्यासारखा नाच.

बी ५०१: टारांटेला काका! हेल्मरनं पत्रपेटी उघडू नये म्हणून ती नाचत सुटते. तो चुकीचाच नाचायचा असतो, मी १२ वेळा बरोबर नाचले म्हणून ओरडा खाल्ला.

डी २०३: आजी एक विचारायचं होतं, दाराची खालची बिजागरी काल थोडी ढिली झाली, शनिवारी आपटायच्या आधी सुतार बोलावून घट्ट करून घेऊ का? जुन्या लाकडाला नवीन स्क्रू मारायला भीती वाटते.

सी १०४ आजी: मारा. सदाशिव पेठेतला वाडा पाडला तेव्हा एवढं एकच मी मागून घेतलं होतं. १९६१ ला मी त्या दारातून माप ओलांडून आत आले. तिथे सासूबाई म्हणायच्या दार हळू लाव, आवाज करू नकोस, तर कधी आपटलंच नाही मी. काल पहिल्यांदा कळलं त्याचा आवाज केवढा आहे. त्या पोराला सांगा, घाबरत ओढत होता, शनिवारी नीट जोरात ओढ म्हणावं.

डी २०३: सांगतो आजी.

ए ३०१ सेक्रेटरी: रविवारी सकाळी १० ला टेम्पो परत येईल, उतरवायला चार जण लागतील, नावं इथे द्या. ह्या वेळी गेट पास. आणि कडी वेगळ्या पिशवीत आहे असं मुलं म्हणतात, ती हरवू देऊ नका.

ए ६०४: मी आहे.